खासगी विमानात पाहुणे म्हणून जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबई विमानतळाच्या कलिना बाजूला गेट नंबर ८ आहे. खासगी आणि चार्टर, म्हणजे भाड्याने घेतलेल्या, विमानांचे प्रवासी तिथून आत जातात. मी अकरा वर्षं याच विमानांची जमिनीवरची व्यवस्था बघत होतो: गाड्या, सामान, जेवणाचे डबे, प्रवाशांच्या याद्या. कुणाला कंपनीचे मालक सोबत नेत असतात, कुणाला लग्नाला बोलावलेलं असतं, कुणाला प्रचाराच्या दौऱ्यावर जायचं असतं. अशी माणसं आदल्या रात्री मला फोन करून जे विचारत आणि आजही विचारतात, ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. घाईत असाल तर निदान प्रश्न १३ चं उत्तर वाचा. बाकीचं चुकलं तर फार तर थोडी लाज वाटेल, तिथे चुकलं तर जिवावर बेतू शकतं.

१. विमान आपल्यासाठीच थांबणार आहे ना? मग वेळेआधी पोचायची काय गरज?

विमान थांबेल, पण बाकी काहीच थांबत नाही. मुंबईत दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे एका वेळी एकच वापरात असते आणि तिच्यावर दिवसभर मोठ्या प्रवासी विमानांची रांग असते. छोट्या विमानाला त्या रांगेत ठरावीक वेळ मिळते, तिला स्लॉट म्हणतात. तुम्ही वीस मिनिटं उशिरा आलात आणि स्लॉट गेला, तर पुढचा वीस मिनिटांनीच मिळेल असं नाही. गर्दीच्या वेळी तास-दोन तासही जातात.

दुसरं, वैमानिकांच्या कामाच्या तासांना कायद्याने मर्यादा आहे. सकाळी फुकट गेलेला तास संध्याकाळच्या परतीच्या प्रवासातून वजा होतो. तिसरं कारण खास आपल्याकडचं आहे. जिल्ह्याच्या ठिकाणच्या कितीतरी धावपट्ट्यांवर रात्री उतरायची सोय नाही. तिथे सूर्य मावळायच्या आत पोचावंच लागतं, आणि सूर्यास्त कुणाच्या ओळखीने पुढे ढकलता येत नाही.

देशांतर्गत प्रवासासाठी अर्धा-पाऊण तास आधी पोचा. यजमानांच्या आधी पोचलात तर उत्तम. सरकारी ओळखपत्र खिशात ठेवा. खासगी विमान असलं तरी मोठ्या विमानतळांवर यादीतलं नाव, ओळखपत्र आणि सुरक्षा तपासणी चुकत नाही. जवानाशी ‘तुम्हाला माहीत नाही का मी कुणाबरोबर आलोय’ असं बोलणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांच्यामुळे मान खाली जाते ती यजमानांची.

२. कपडे कसे घालायचे?

जिथे जाणार आहात तिथे शोभतील असे. विमानासाठी वेगळा पोशाख लागत नाही. एवढंच बघा की टोकदार टाचेच्या चपला शिडीवर अडकतात आणि गालिचाला भोकं पाडतात. उग्र अत्तर टाळा, कारण आठ माणसांच्या बंद केबिनमध्ये ते दोन तास सगळ्यांना सोसावं लागतं. लहान जेटची आतली उंची दीड मीटरच्या आसपास असते, म्हणजे बहुतेकांना वाकूनच आत जावं लागतं. उंच अंबाडा, फेटा किंवा पगडी असेल तर ती उतरल्यावर बांधा. काही मालक आत शिरताना जोडे काढायला सांगतात, तेव्हा पायमोजे धड असलेले बरे.

३. त्यांनी माझं वजन विचारलं. हे काय, बॅगेचं वजन पुरेसं नाही का?

नाही. दीडशे माणसांच्या विमानात प्रवाशांचं वजन सरासरीने धरलेलं चालतं. सात-आठ माणसांच्या विमानात दोन जण दहा-दहा किलोने जास्त निघाले की इंधन किती भरायचं, कोण कुठे बसणार आणि लहान धावपट्टीवरून उडायला किती अंतर लागेल, ही सगळी गणितं हलतात. खरं वजन सांगा, तेही बुटांसकट आणि खिशातल्या सामानासकट. यजमानांसमोर संकोच वाटत असेल तर ऑपरेटरला, म्हणजे विमान चालवणाऱ्या कंपनीला, थेट कळवा. ते आकडा कुणाला सांगत नाहीत.

४. सामान किती आणि कसं न्यायचं?

एक मऊ बॅग आणि एक हातातली पिशवी. कडक कवचाच्या मोठ्या सूटकेस घरीच ठेवा. लहान जेटच्या सामानाचं दार अरुंद आणि कप्पा वेडावाकडा असतो. मऊ बॅग दाबून बसते, कडक बॅग बसत नाही आणि मग ती गाडीने मागून पाठवावी लागते. लग्नाचा आहेर, गोल्फचा संच, क्रिकेटचं किट असं काही असेल तर दोन दिवस आधी कळवा.

पॉवर बँक हातातल्या पिशवीतच ठेवा, मागच्या कप्प्यात कधीही नाही. लिथियमची बॅटरी पेटली तर ती हाताशी असायला हवी. मर्यादा साधारण १०० वॅट-अवरची, म्हणजे सुमारे २७,००० एमएएचची. त्याहून मोठी असेल तर आधी परवानगी घ्या.

शिर्डी किंवा तिरुपतीला निघालेल्यांसाठी एक सूचना: पूजेच्या ताटातला कापूर आणि काडेपेटी विमानात चालत नाही. ते तिथे उतरून घ्या. आणि कोकणातून परत येताना हापूसची पेटी आनंदाने आणा, पण सुका बोंबील आणि पिकलेला फणस कितीही बांधून आणलात तरी नको. चामड्याच्या खुर्च्यांमधून तो वास आठवडाभर जात नाही. पुढच्या प्रवाशाची तक्रार येते आणि ऐकून घेतो तो सफाईवाला.

५. आत गेल्यावर कुठे बसू?

कुठेच बसू नका. आधी यजमानांना बसू द्या, किंवा ते सांगतील तिथे बसा. बहुतेक जेटमध्ये चार खुर्च्या समोरासमोर असतात. त्यातली विमानाच्या तोंडाकडे पाहणारी एक खुर्ची मालकाची ठरलेली असते. तिच्यावर पाटी नसते, पण क्रूला, म्हणजे विमानातल्या कर्मचाऱ्यांना, ती माहीत असते. ‘मी कुठे बसू?’ असं त्यांना हळूच विचारलंत की प्रश्न मिटतो. पाहुण्यांमध्ये सर्वांत धाकटे तुम्ही असाल तर उलट्या तोंडाची खुर्ची किंवा बाजूचा सोफा आपणहून घ्या.

वैमानिकाने जागा बदलायला सांगितली तर मात्र यजमानांच्या मर्जीचाही प्रश्न उरत नाही. ते वजनाच्या तोलासाठी सांगत असतात (प्रश्न ३ पाहा).

६. वैमानिक आणि केबिन क्रूला हाक कशी मारायची?

वैमानिकांना ‘कॅप्टन’. सहवैमानिकालाही ‘कॅप्टन’ म्हटलं तरी चालतं, त्यांना बरंच वाटतं. केबिन क्रूचं नाव विचारून घ्या आणि नावापुढे जी किंवा मॅडम लावा. अहो-जाहोच करा, वय कितीही लहान दिसो. ‘ए पोरी, पाणी आण’ ही हाक मी जमिनीवरून ऐकली आहे आणि त्या मुलीचा चेहराही पाहिला आहे. ती पाणी देते, शिवाय विमानाला आग लागली तर दार उघडून तुम्हाला बाहेर काढायचं प्रशिक्षणही तिनेच घेतलेलं असतं. खूप लहान विमानांत केबिन क्रू नसतात. तिथे सहवैमानिक सूचना देतो. तेव्हा फोन खाली ठेवून ऐका, पट्टा आणि दार कसं उघडतं ते बघून घ्या. प्रत्येक विमानाचं दार वेगळं असतं.

ग्राउंड स्टाफ, गाडीचा चालक, बॅगा चढवणारा लोडर यांनाही नमस्कार करा. एक वयस्कर उद्योजक दर वेळी शिडी चढण्याआधी वळून लोडरना हात जोडत. ते यायचे असले की आमची माणसं आपणहून लवकर येत.

७. घरचं खाणं नेलं तर चालेल का?

विचारून न्या. बहुतेक यजमानांना घरचं खाणं आवडतं. थालीपीठ, दशमी, गूळपोळी, कोरड्या वड्या सोयीच्या. रस्सा, आमटी, आमरस, सोलकढी टाळा. हळदीचा डाग फिक्या चामड्यावरून निघत नाही आणि धक्का बसला तर वाटी कुणाच्याही अंगावर जाते. न्याल तेव्हा सगळ्यांना पुरेल एवढं न्या आणि वैमानिकांसाठीही वेगळा डबा काढा. दोन्ही वैमानिकांनी एकाच वेळी एकच पदार्थ खाऊ नये अशी पद्धत आहे. म्हणजे अन्न बाधलं तरी एक जण ठणठणीत राहतो. त्यामुळे त्यांनी ‘नंतर खातो’ म्हटलं तर वाईट वाटून घेऊ नका.

उपास, जैन जेवण, शेंगदाण्याची ॲलर्जी हे आदल्या दिवशी कळवा. जेवण जमिनीवरून चढतं, वर स्वयंपाकघर नसतं. पान, गुटखा, तंबाखू अजिबात नको.

८. दारू आणि सिगारेटचं काय?

सिगारेट नाही, ई-सिगारेटही नाही. दारूबद्दल ऑपरेटर आणि यजमान सांगतील ते अंतिम. स्वतःची बाटली काढून उघडू नका. गुजरात आणि बिहारमध्ये दारूबंदी आहे. जामनगरच्या लग्नाला किंवा पाटण्याच्या बैठकीला जाताना बॅगेत बाटली सापडली तर पाहुण्यामुळे यजमान अडचणीत येतात.

मुक्कामाच्या गावी वैमानिकांना ‘एक पेग तरी’ असा आग्रह कधीही करू नका. आपल्याकडच्या नियमानुसार त्यांना उड्डाणाआधीचे १२ तास दारू घेता येत नाही आणि श्वासाची तपासणीही होते. आग्रह करणं हा पाहुणचार वाटतो, पण त्यात एखाद्याचं लायसन्स जाऊ शकतं.

९. टॉयलेट असतं का? वापरलं तर वाईट दिसतं का?

मोठ्या जेटमध्ये बंद दाराचं व्यवस्थित टॉयलेट असतं. लहान जेटमध्ये कधी पातळ सरकतं दार, कधी नुसता पडदा. ते रिकामं करायचं काम उतरल्यावर एका माणसाला हाताने करावं लागतं. म्हणून निघण्यापूर्वी टर्मिनलमध्येच जाऊन या. मात्र गरज असेल तर निःसंकोच वापरा. मधुमेही, गरोदर आणि वयस्कर माणसांनी पाणी न पिता बसण्याचा हट्ट करू नये. विमानातली हवा कोरडी असते. प्रवास फार लांबचा असेल तर ‘टॉयलेट असलेलं विमान आहे ना?’ हे बुकिंगच्या वेळीच विचारणं योग्य.

१०. फोटो काढून स्टेटसला टाकू का?

आधी यजमानांना विचारा, आणि हो म्हणाले तरी परतल्यावर टाका. कोण कुणाबरोबर कुठे चाललंय यावरून बातम्या होतात, व्यवहार फिसकटतात आणि घरी कुणी नाही हेही कळतं. शेपटाजवळ व्हीटी अक्षरांनी सुरू होणारी नोंदणी लिहिलेली असते. ती फोटोत आली की कुणीही विमानाचा माग काढू शकतं. झोपलेल्या सहप्रवाशाचा, क्रूचा, शेजारी उभ्या दुसऱ्याच्या विमानाचा फोटो काढू नका. पुण्याचं लोहगाव हे हवाई दलाचं विमानतळ आहे. तिथे आणि अशा सगळ्या तळांवर कॅमेरा बंदच ठेवा.

फोटो हवाच असेल तर खिडकीतून दिसणारा सह्याद्री काढा. पावसाळ्यानंतर घाट ओलांडताना तो जसा दिसतो तसा रस्त्यावरून कधी दिसत नाही.

११. लहान मुलं आणि म्हातारी आई सोबत आहे. काय काळजी घ्यावी?

शिडी अरुंद आणि उभी असते, कठड्याला कधी नुसता दोर असतो. आईंच्या गुडघ्यांचा त्रास आधी कळवा, माणूस मदतीला उभा राहतो. त्यांना दाराजवळची खुर्ची मिळावी म्हणून यजमानांना विनंती करणं गैर नाही. आणीबाणीच्या दारासमोर मात्र त्यांना बसवत नाहीत.

उतरताना कान दडतात. तान्ह्या बाळाला त्या वेळी पाजा, मोठ्यांना गोळी चघळायला द्या. बाळ रडलं तर शंभरदा माफी मागत बसू नका, सगळ्यांनी मुलं वाढवली आहेत. पण स्केचपेन, रंग आणि चिकट चॉकलेट घरी राहू द्या. मूल ॲप्रनवर, म्हणजे विमानं उभी असतात त्या फरशीवर, एक क्षणही हात सोडून चालता कामा नये.

१२. इंधनाचे पैसे वाटून देऊ का? आणि क्रूला टिप?

यजमानांचं स्वतःचं विमान असेल तर पैशांचं नावही काढू नका. हा फक्त शिष्टाचार नाही. खासगी वापरासाठी नोंदलेलं विमान भाड्याने देता येत नाही. त्यासाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा वेगळा परवाना लागतो. म्हणजे तुमचे सद्भावनेचे पैसे त्यांना कायद्याच्या कचाट्यात टाकू शकतात. मित्रांनी मिळून परवानाधारक कंपनीचं विमान चार्टर केलं असेल तर हिशोब उघड आहे, आपापला वाटा निघण्यापूर्वीच देऊन टाका. भेट न्यायची तर घरी न्या, हाताने लिहिलेल्या चार ओळींसह.

टिपबद्दल माझं मत असं: वैमानिकांना नोट काढून देऊ नये, त्यांना ते अवघड होतं. ऑपरेटरला नावानिशी कौतुकाचं पत्र पाठवा, त्याचा त्यांना खरा उपयोग होतो. लोडर आणि चालकांना काय द्यायचं ते यजमानांच्या सेक्रेटरीला विचारून द्या. म्हणजे एकाच प्रवासात दोघांकडून वेगवेगळ्या रकमा जात नाहीत.

१३. हवामान बरं दिसतंय, तरी कॅप्टन ‘नाही जायचं’ म्हणतात. थोडा आग्रह केला तर काय बिघडलं?

सगळं बिघडू शकतं. मला या पानावर एकच गोष्ट सांगायची मुभा असती तर मी हीच सांगितली असती.

२९ मार्च २००१ रोजी अमेरिकेत लॉस एंजेलिसहून ॲस्पेन या डोंगरातल्या गावी गल्फस्ट्रीम ३ जातीचं एक भाड्याचं जेट निघालं. प्रवासी उशिरा आले म्हणून ते सुमारे चाळीस मिनिटं उशिरा उडालं. ॲस्पेनला त्या विमानाला अंधार पडल्यावर उतरायची मनाई होती, म्हणजे हातात वेळ उरला नव्हता. विमान दुसरीकडे न्यावं लागेल असं कळल्यावर ज्यांनी ते भाड्याने घेतलं होतं ते संतापले होते. बर्फ पडत होता. उतरताना एक प्रवासी कॉकपिटमधल्या जादा खुर्चीवर बसलेला होता. विमान धावपट्टीआधीच टेकडीवर आदळलं आणि आतले अठराही जण गेले. तपासात वैमानिकांच्या चुका निघाल्या. शिवाय ग्राहकाकडून कॅप्टनवर आलेला उतरण्याचा दबाव हेही एक कारण म्हणून नोंदवलं गेलं. उशीर, नाराजी, कॉकपिटमध्ये पाहुणा: या तिन्ही गोष्टी आपण रोज ‘एवढं काय त्यात’ म्हणून सोडून देतो.

त्याच वर्षी ३० सप्टेंबरला दिल्लीहून कानपूरच्या सभेला निघालेले माधवराव शिंदे मैनपुरीजवळ खराब हवामानात विमान कोसळून गेले. महाराष्ट्रातल्या अनेक घरांत तो दिवस अजून आठवतो. मुंबईत १४ सप्टेंबर २०२३ रोजी मुसळधार पावसात विशाखापट्टणमहून आलेलं लिअरजेट ४५ जातीचं लहान जेट धावपट्टीवरून घसरलं. आठही जण वाचले. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडचा पाऊस असाच असतो, आणि कलिन्यात ऊन पडलं असलं तरी कोल्हापुरात ढग जमिनीला टेकलेले असू शकतात. कॅप्टन तिथलं हवामान बघत असतात, तुम्ही इथलं.

चार्टरवरच्या वैमानिकाची अडचण समजून घ्या. मोठ्या कंपनीच्या विमानात त्याच्या आणि प्रवाशांच्या मध्ये बंद दार असतं. इथे ज्याच्या पैशावर विमान उडतंय तो माणूस दोन पावलांवर बसलेला असतो. ‘साहेबांची सभा आहे हो’, ‘मुहूर्त टळतोय’, ‘मागच्या वेळचे कॅप्टन गेले होते’ ही वाक्यं साधी वाटतात, पण त्या दोन पावलांत त्यांचं वजन फार होतं. यातलं शेवटचं तर कधीच बोलू नका.

मग करायचं काय? एकदाच विचारा: ‘कॅप्टन, पुढचा अंदाज किती वाजता कळेल?’ उत्तर ऐका आणि गाडीचा पर्याय शोधायला लागा. यजमान चिडले असतील तर पाहुण्याच्या एका वाक्याने खूप फरक पडतो: ‘राहू द्या, उद्या जाऊ, मला काही घाई नाही.’ असं एक वाक्य एका ज्येष्ठ बाईंनी म्हटलेलं मी ऐकलं आहे. त्यानंतर कॅप्टनच्या खांद्यांवरचा ताण उतरताना मी डोळ्यांनी पाहिला.

१४. कॉकपिट बघायचंय. विचारू का?

विमान उभं असताना, इंजिनं बंद असताना जरूर विचारा. बहुतेक कॅप्टन आनंदाने दाखवतात, मुलांना तर फारच प्रेमाने. उडताना आणि उतरताना, म्हणजे साधारण १०,००० फुटांच्या खाली, वैमानिक कामाशिवाय एक शब्दही बोलत नाहीत. लहान विमानांत मध्ये नुसता पडदा असतो, म्हणून त्या वेळी केबिनमध्येही मोठ्याने हसणं-ओरडणं नको. जादा खुर्चीवर बसायचा आग्रह का करू नये, ते वरच्या उत्तरात आलंच आहे.

१५. विमानात ऐकलेलं बाहेर बोललं तर?

बोलू नका. सात माणसांच्या केबिनमध्ये कानावर पडल्याशिवाय राहत नाही, म्हणून ऐकलेलं विसरायची सवय लावा. तुमच्याकडून: फोन स्पीकरवर नको, व्हिडिओला आवाज नको, आणि यजमान कागद वाचायला लागले किंवा डोळे मिटून बसले की गप्पा थांबवा. विमानात मालकांना गाठून नोकरीची किंवा निवडणुकीच्या तिकिटाची शिफारस मागणारेही असतात. ज्याला उठून जाता येत नाही त्याच्याकडे काही मागू नये.

१६. परदेशातले नातेवाईक सोबत आहेत. वेगळं काही?

पासपोर्ट आणि व्हिसाचे तपशील दोन-तीन दिवस आधी द्या. इमिग्रेशन आणि कस्टम्स खासगी विमानालाही आहेत. सॅटेलाइट फोनबद्दल त्यांना आवर्जून विचारा. अमेरिका-युरोपात ट्रेकिंगला जाणारे लोक उपग्रहावरून संदेश पाठवणारं छोटं यंत्र बॅगेत सहज ठेवतात. भारतात ते परवानगीशिवाय बाळगणं गुन्हा आहे आणि गोव्यासह काही विमानतळांवर पर्यटकांना त्यासाठी अटक झाली आहे. तुमच्या पुतण्याला ते ठाऊक नसेल, तुम्ही सांगा.

१७. वडिलांना एअर ॲम्ब्युलन्सने न्यायचंय. आम्ही किती जण जाऊ शकतो, आणि तिथे कसं वागायचं?

मला सर्वांत जास्त फोन याचेच येतात. बहुतेक घरांचा खासगी विमानाशी येणारा हा एकमेव संबंध असतो, आणि तो आयुष्यातल्या वाईट दिवशी येतो.

अशी विमानं आकाराने लहान असतात. स्ट्रेचर, ऑक्सिजन, मॉनिटर, डॉक्टर आणि परिचारक बसल्यावर सोबत एकाला, कधी दोघांना जागा उरते. कोण जाणार ते रुग्णालयातून निघण्याआधीच ठरवा. विमानाच्या दारात भाऊ-बहिणींत वाद होताना मी पाहिले आहेत, आणि तेवढा वेळ पेशंट उन्हात थांबलेला असतो. ज्याच्या सहीने निर्णय होतील आणि ज्याला रडू आवरता येईल, त्याने जावं. बाकीच्यांनी पुढच्या विमानाने किंवा गाडीने निघावं, त्यांच्या प्रेमात त्याने काही उणं होत नाही.

सामान एक पिशवी. त्यात रिपोर्ट, औषधांची यादी, दोघांची ओळखपत्रं, चार्जर. निघताना देवाचा अंगारा लावायचा असेल तर रुग्णालयात लावा. ऑक्सिजनजवळ उदबत्ती किंवा निरांजन कदापि नको. आत डॉक्टर आणि कॅप्टन यांच्यात कधी कधी चर्चा होते, कारण उंची वाढली की हवेचा दाब आणि ऑक्सिजन कमी होतो आणि काही रुग्णांसाठी कमी उंचीवरून जावं लागतं. त्याला वेळ आणि इंधन जास्त लागतं. मधे बोलू नका, पण तुम्हाला समजलं नाही तर नंतर जरूर विचारा. वडिलांचा हात धरू शकाल का, हेही विचारा. बहुधा हो म्हणतात.

१८. नवरदेव हेलिकॉप्टरने येणार आहे. वऱ्हाडाला काय सांगू?

हा प्रश्न जेटचा नाही, पण दर लग्नसराईत येतो. हेलिकॉप्टरकडे पंखा पूर्ण थांबेपर्यंत कुणीही जायचं नाही. नंतरही समोरून किंवा बाजूने, वैमानिकाला दिसेल असं जायचं, शेपटीकडून कधीच नाही. तिथला छोटा पंखा फिरताना दिसत नाही. फुलं, अक्षता, रंगीत कागद उधळायचे नाहीत, ते इंजिनात खेचले जातात. फेटा हातात, पदर खोचलेला, मुलं दोराच्या बाहेर. हलगी आणि ताशा जरा लांब वाजवा. औक्षण मांडवात. आणि संध्याकाळ होत आली की ‘एक गिरकी आमच्या गावावरून’ हा हट्ट नको, त्यालाही प्रश्न १३ लागू आहे.

१९. कॅप्टन जायला तयार आहेत, सगळे बसलेत, पण मलाच भीती वाटतेय. उतरतो म्हणालो तर अपमान होईल का?

नाही होणार. फक्त दार बंद होण्याआधी बोला. यजमानांना हळू आवाजात सांगा: ‘मला आज बरं वाटत नाही, तुम्ही व्हा पुढे, मी गाडीने येतो.’ कारण सांगत बसायची गरज नाही. तुमची बॅग उतरवावी लागेल, यादीतलं नाव काढावं लागेल आणि वजनाचा कागद पुन्हा करावा लागेल. थोडी मिनिटं जातात, ग्राउंड स्टाफला त्याची सवय असते. दार बंद झाल्यावरही इंजिन सुरू व्हायच्या आत क्रूला सांगितलंत तर ते थांबवतात.

अकरा वर्षांत असे तीन जण उतरलेले मला आठवतात. तिघांनाही मी चहा दिला आणि त्यांच्यासाठी गाडी मागवली.